जायला दहा, यायला पंचवीस

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मुलगा टॅब घेऊन उभा होता. गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, पाठीवर सॅक, आणि साडेनऊही वाजले नव्हते तरी शर्ट पाठीला चिकटलेला. कसलंसं सर्वेक्षण होतं. शहराबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारत तो हिंडत होता आणि बहुतेकांनी त्याला वाटेला लावलं असावं, कारण भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या शेजारच्या मावशी त्याच्यासमोर थांबल्या तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला. चार-पाच प्रश्न झाले. पाणी रोज येतं का, रात्री रस्त्यावर दिवे असतात का. मग त्यानं विचारलं, "घरापासून जवळची बाग चालत किती मिनिटांवर आहे?" मावशी म्हणाल्या, "जायला दहा, यायला पंचवीस."

"आजी, एकच काहीतरी सांगा ना."

"अरे, एकच कसं सांगू? जाताना उतार आहे, येताना चढ. त्यात माझे गुडघे. मधे मेडिकलच्या पायरीवर बसते, पण दुकान उघडं असलं की तो उठवतो." मुलानं टॅबकडे पाहिलं. पर्याय चार होते आणि त्यात पायरीचा कुठला नव्हता. त्यानं 'दहा मिनिटांपर्यंत'वर बोट टेकवलं. मावशींनी विचारलं, "काय लिहिलंस?" तो म्हणाला, "दहा." "बरं," म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. आमच्याकडे लिफ्ट आहे, पण त्या दिवशी ती बंद होती. तेही त्याच्या टॅबमध्ये कुठं नव्हतं.

माझ्या डोक्यातून ते वाक्य दिवसभर जाईना, कारण त्या मुलाच्या टॅबमधून जे निघतं ते पुढं ज्या टेबलांवर जातं, तसल्या एका टेबलावर मी बसते. माझं काम नकाशांचं. शहरांचे विकास आराखडे, वाहतुकीचे अहवाल, 'शाश्वत' हा शब्द मुखपृष्ठावर असलेली जाडजूड बाडं, यांना लागणारे नकाशे आम्ही करतो. त्यातलं एक नेहमीचं काम म्हणजे वर्तुळं काढणं. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यातलं अकरावं शहरांचं. बसथांब्यापासून पाचशे मीटरच्या आत किती लोक राहतात, हा त्यातला एक निर्देशक. रेल्वे-मेट्रोसारखं मोठं वाहन असेल तर एक किलोमीटर. मग आम्ही थांब्यांचा लेअर, म्हणजे नकाशाचा तेवढा थर, उघडतो, बफर मारतो, म्हणजे प्रत्येक थांब्याभोवती तेवढं अंतर आखतो, आणि क्षणात अख्ख्या शहरावर वर्तुळं उमटतात. वर्तुळात आलेली लोकसंख्या भागिले एकूण लोकसंख्या. खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागलेले असताना स्क्रीनवर एकदम ती निळी वर्तुळं उगवतात आणि शहर कसं नीटनेटकं, झाकलेलं, सांभाळलेलं दिसायला लागतं.

मूळ व्याख्येत हे अंतर रस्त्यानं चालून मोजायचं आहे, सरळ रेषेत नव्हे. पण चालून मोजायला चालण्याच्या वाटा नकाशावर लागतात. रस्त्यांची मधली रेघ सगळ्यांकडे असते. फूटपाथ कुठं आहे, कुठं तुटलाय, कुठं त्याच्यावर विजेचा डीपी बॉक्स आणि फ्लेक्सचा खांब उभा आहे, कुठल्या सोसायटीनं मागचं गेट कायमचं कुलूप लावून बंद केलंय, हे कुणाच्याच लेअरमध्ये नसतं. निविदेत 'पाचशे मीटर' लिहिलेलं असतं, कसे मोजायचे ते बहुधा नसतं. वेळ तर कधीच नसतो. म्हणून वर्तुळ. पुण्यातल्या आमच्या भागावर असं एखादं वर्तुळ टाकलं की ते आंबील ओढ्याच्या दोन्ही काठांना सारखंच कवेत घेतं. पलीकडच्या काठावरच्या माणसाला पुलापर्यंत वळसा घालून यावं लागतं, हे त्याच्या गावीही नसतं.

वर्तुळाला ओढा दिसत नाही.

ओढ्याचं नाव निघालंच आहे तर 2018चा ऑगस्ट आठवतो. केंद्र सरकारनं राहण्याजोग्या शहरांची पहिली यादी काढली. 111 शहरं, 78 निर्देशक, आणि पहिला नंबर पुण्याचा. दुसरा नवी मुंबईचा, तिसरा बृहन्मुंबईचा. पुणेकराला पहिला नंबर येण्याचं आश्चर्य वाटत नाही, पण तो आला म्हणून कौतुक दाखवणंही त्याच्या तब्येतीला मानवत नाही. त्यामुळं दोन दिवस सगळे व्हॉट्सअॅप ग्रूप विनोदांनी भरले होते. सिंहगड रोडच्या कोंडीत अडकलेल्या भाच्यानं 'राहण्याजोग्या शहरात राहतोय, एकाच जागी, पाऊण तास' असा मेसेज टाकला होता. त्याच वर्षी शहरात नोंदवलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढं गेल्याची बातमी येऊन गेली होती. वडिलांनी मात्र ते पहिल्या पानाचं कात्रण कापून ठेवलं. ते ठाण्यातून पुण्याला आले त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि ठाण्यातल्या भावाला फोन करून त्यांनी त्याचा नंबर विचारला. ठाणे सहावं होतं. तेवढ्यावरच भागलं नाही, खुलासाही ऐकवला.

मग 25 सप्टेंबर 2019ची रात्र. पाऊस संध्याकाळपासून पडत होता, पण त्याचा आवाज नेहमीचाच होता. दहाच्या पुढं ओढ्याकडून वेगळा आवाज यायला लागला. पाण्यासारखा नव्हताच तो. जड काहीतरी एकमेकांवर आपटत होतं. त्या गाड्या होत्या हे सकाळी कळलं. अरण्येश्वराजवळ भिंत पडून माणसं गेली. शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त लोक त्या एका रात्रीत गेले. सकाळी सगळीकडे तो वास होता, चिखल आणि डिझेल आणि भिजलेल्या गाद्यांचा. लोक घरातलं पाणी खराट्यानं बाहेर लोटत होते आणि रस्त्यावरची जाणारी-येणारी माणसं मोबाइलवर फोटो काढत होती. ओढ्याचं पात्र कुठं किती अरुंद झालं, कुठं वळवलं गेलं, कुणी भराव टाकला, याच्या चर्चा तेव्हा महिनाभर चालल्या.

मार्च 2021मध्ये यादीची पुढची फेरी जाहीर झाली. बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. 66.70 आणि 66.27. अर्ध्या गुणाचासुद्धा फरक नाही, पण 'पुण्याची घसरण' म्हणून दोन दिवस केवढं वादळ! निर्देशक आता 49 होते आणि तीस टक्के भार लोकांच्या मतांना दिला होता, ही चांगलीच सुधारणा होती. आपत्तीला शहर कितपत तोंड देऊ शकतं याचाही एक भाग त्यात होता. तो होता, पण अख्ख्या शहराचा. ओढा अख्ख्या शहरातून वाहत नाही. तो आमच्या घरामागून वाहतो, तिथून दांडेकर पुलाकडे जातो, आणि ज्यांच्या घरात शिरायचं त्यांच्याच घरात शिरतो. लाखोंच्या शहरात ती घरं सरासरीत विरघळून जातात.

सरासरीवर माझा तसा राग नाही. तिच्यावाचून शहर हाकताच येणार नाही. पाणी माणशी दिवसाला 135 लिटर, मोकळी जागा माणशी दहा-बारा चौरस मीटर, असे मापदंड केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत म्हणून तर निदान मागता येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर भरली की पेपरात टक्केवारी येते, आपण निर्धास्त होतो, आणि त्याच आठवड्यात शहराच्या कडेच्या उंच इमारतींखाली टँकरचे पाइप घरंगळत असतात. धरणं भरली हे खोटं नाही, टँकरही खोटे नाहीत. भागाकाराच्या वर काय आहे याची आपण फार चर्चा करतो. खाली काय धरलंय, ते कुणी विचारत नाही.

पुण्याच्या बाबतीत तर तो खालचा आकडा सारखा हलत असतो. 2017 साली अकरा गावं महापालिकेत आली, 2021 साली आणखी तेवीस, आणि शहराचं क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं. ऑफिसात ती नवी हद्द ज्या दिवशी नकाशात भरली त्या दिवशीचं मला आठवतं. हद्दीची रेघ बाहेर सरकली आणि दरडोई हिरवळीचा आकडा आपोआप वर गेला. एक रोप न लावता! नव्या गावांतली शेतं, बांध, माळरानं, डोंगरउतार सगळं आत आलं होतं. त्या शेतांवर विकसकांच्या पाट्या आधीच लागलेल्या होत्या, पण उपग्रहाला पाट्या वाचता येत नाहीत. उलटंही होतं. ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीत शहराचा कचरा वर्षानुवर्षं जाऊन पडला, ती गावं 2017च्या फेरीत शहरात आली, नंतर वगळली गेली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. गावांचीही तशी मागणी होती, त्यात चूक काही नाही. पण नकाशावर काम करणाऱ्याला एक गोष्ट टोचते: शंभर टक्के कचरा उचलला जातो असं शहर म्हणतं, तेव्हा तो कुठं ठेवला जातो ती जागा कधी भागाकाराच्या आत असते, कधी बाहेर.

हिरव्या रंगाचं तर विचारूच नका. आम्ही झाडी मोजतो ती उपग्रहाच्या प्रतिमेवरून. जिवंत पान लाल उजेड शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं, त्या दोहोंच्या फरकावरून उणे एक ते एक असा आकडा निघतो. ऑक्टोबरची ढग नसलेली प्रतिमा घेतली तर तळजाईची टेकडी पाचूसारखी. मार्चची घेतली तर कोरडी, विटकरी. दोन्ही खऱ्या. अहवालात कुठली वापरायची हे कुणीतरी ठरवतं, आणि ठरवणारा दुष्टच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला फक्त ढग नकोसे असतात.

तळजाईवर मी सकाळी जाते. वनविभागाच्या भागातून चालताना दोन्ही बाजूंना गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. भराभर वाढतो, शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कधीकाळी मोठ्या हौसेनं लावलेला. फेब्रुवारीत त्याला गुलाबी फुलांचे घोस येतात आणि लोक त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात. मीही काढलेत. पण खाली वाकून पाहिलं तर जमिनीवर गवत जवळजवळ नाही. या टेकड्यांचं मूळ रूप गवताळ आहे. अजून काही उतारांवर ते टिकून आहे. दिवाळीनंतर तिथून चालत आलं की मोज्यांना कुसळं टोचून बसतात आणि घरी पायरीवर बसून एकेक उपटावी लागतात. त्याच गवतात जमिनीवर चंडोल घरटं करतो, आणि उन्हं वर आली की आभाळात उंच जाऊन एकाच जागी फडफडत गातो. आता हे दोन उतार स्क्रीनवर शेजारी ठेवा. ग्लिरिसिडिया हिरवा, गवत पिवळं. झाडाखालची जमीन वाढवा, म्हणजे गुण वाढतील, असं सांगणाऱ्या निर्देशकाला पिवळा उतार म्हणजे रिकामी जागा वाटणार आणि तो तिथं आणखी ग्लिरिसिडिया लावायला सांगणार.

त्याहून भारी जलपर्णी. उन्हाळ्यात मुळा-मुठेवर ती इतकी दाट पसरते की पुलावरून पाहताना पाणी आहे की कुरण, कळत नाही. पाण्याचा लेअर आधी वेगळा काढून ठेवला नाही तर सॉफ्टवेअर तिला वनस्पती म्हणून मोजतं. ती वनस्पती आहेच म्हणा. सांडपाण्यावर पोसलेली, डासांसकट, उत्तम हिरवी.

हे एवढं ऐकवल्यावर एका मैत्रिणीनं मला विचारलं, मग आकडे फेकून द्यायचे का? तिचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. नाही द्यायचे. ज्यांच्या शब्दाला वजन नसतं त्यांना आकड्याचं वजन लागतं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या या बायकांना तेव्हा शहर एक तर हाकलत होतं नाही तर चोर समजत होतं. बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती, मोर्चे झाले, पण एक काम शांतपणे बसूनही झालं: या बायका किती किलो कचरा वेगळा करतात, त्यामुळं महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो, ते मोजून दाखवणं. किलो आणि रुपये. त्या हिशोबापुढं 'तुम्ही उपद्रव आहात' असं म्हणणं अवघड झालं. ओळखपत्रं मिळाली, आरोग्य विमा मिळाला, पुढं त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि आज आमच्या दारातून ओला-सुका घेऊन जाणाऱ्या ताई त्याच संस्थेच्या आहेत. टेकड्यांचंही तसंच. गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण हवं म्हणून माजी महापौर वंदना चव्हाण आणि कितीतरी नागरिक वर्षानुवर्षं भांडले, ते 'टेकड्या वाचवा' एवढ्यावर थांबले असते तर कुणी लक्ष दिलं नसतं. 978 हेक्टर, अमुक सर्व्हे नंबर, तमुक उतार, असं बोलता आलं म्हणून सुनावणीत उभं राहता आलं.

तेव्हा मोजायचं आहेच. माझं म्हणणं इतकंच, की काय मोजायचं ते ज्याला त्या आकड्यात राहायचंय त्यानंही थोडं ठरवावं. याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचं आहे. तिथं 1991 साली काही नागरिकांनी एकत्र येऊन आपलं शहर टिकाऊ आहे का हे कशावरून कळेल, याच्या बैठका घ्यायला सुरुवात केली आणि 1993मध्ये पहिली यादी छापली. त्यात एक निर्देशक होता, शहराजवळच्या ओढ्यांमध्ये परत येणारे रानटी सॅमन मासे. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्यात परत येतो. त्यासाठी पाणी गार लागतं, म्हणजे काठावर सावली लागते. तळाला गाळ नको, म्हणजे वरच्या अंगाला डोंगर बेसुमार खोदलेला नको. मधे अडथळा नको, म्हणजे ओढा पाइपात घातलेला नको. एका माशात वनखातं, रस्तेखातं आणि मलनिःसारण, सगळे येतात. शिवाय तो मासा परत आला की नाही, हे काठावर उभं राहून शाळेतल्या पोरालाही दिसतं.

अलीकडचा तसाच सुटसुटीत नियम सेसिल कोनाइनेनडाइक या वनतज्ज्ञानं 2021मध्ये मांडला: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के झाडांची सावली असावी, बाग तीनशे मीटरवर असावी. मी लगेच खिडकीत जाऊन उभी राहिले. एक रेन ट्री, ज्याच्या फांद्या दर पावसाळ्याआधी वीजवाल्यांच्या करवतीखाली जातात. एक नारळ, शेजारच्या बंगल्यातला. तिसरं म्हणून मी एका इवल्याशा वडाकडे बराच वेळ आशेनं पाहिलं. तो गच्चीच्या पाइपाच्या सांध्यातून उगवलेला होता, प्लंबर त्याला उपटायला शनिवारी येणार होता. तीस टक्क्यांचं म्हणाल तर तळजाई धरली तर आम्ही श्रीमंत, नाही धरली तर नाही. तीनशे मीटरचा प्रश्न मावशींना विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

कायद्यानुसार आयुक्तांनी दर वर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढं ठेवायचा असतो. त्यात हवा, पाणी, आवाज, कचरा, वाहनं, सगळ्याचे तक्ते असतात. तो वाचणारे लोक मला माहीत आहेत, आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, इतके ते थोडे आहेत. त्या अहवालात आपलं म्हणून एखादं पान असतं तर त्यावर काय मोजलं असतं, यावर आमच्या ऑफिसात डबे उघडले की वाद होतो. एकाचं म्हणणं, थांब्यावर बसची वाट पाहण्यात गेलेली मिनिटं, तीही संध्याकाळी सातनंतरची आणि बायकांनी नोंदवलेली. दुसरी म्हणते, पावसाळ्यात सलग दोन दिवस पडल्यावर आंबील ओढ्याचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं, तिथं लाल रंगाची खूण करायची आणि दर वर्षी तीच बघायची. नदीतल्या माशांचीही सूचना आली, पण मोजायला कोण उतरणार, यावर सगळे गप्प बसले.

मी सुचवलं ते कट्टे. घरापासून बागेपर्यंत, बागेपासून मंडईपर्यंत, थांब्यापासून दवाखान्यापर्यंत, म्हाताऱ्या माणसाला पैसे न देता आणि कुणी न उठवता टेकता येईल अशा किती जागा आहेत. पार, पायऱ्या, बाक, बंगल्याच्या कुंपणाचा कठडा, काहीही चालेल. सगळ्यांना पटलं. लगेच एकानं फोनवर फॉर्म बनवायला घेतला आणि पहिल्याच रकान्याशी अडलो. हल्ली दुकानदारांनी बऱ्याच कट्ट्यांवर लोखंडी गज नाही तर टोकदार खिळे ठोकलेत, कुणी बसू नये म्हणून. ते मोजायचे का? मी म्हटलं, मुळीच नाही. बसता येत नाही तो कट्टा कसला? आमचा नकाशावाला मुलगा मात्र ऐकेना. बांधकाम तर आहे, तो म्हणतो, आपण अर्धा धरू.